जुन्या फौजी ट्रकची वीज हरवते कुठे?

लष्कराच्या लिलावातून आलेला जुना ट्रक बंद पडला, की भोवती जमलेल्या मंडळींचा निकाल लगेच लागतो: बॅटरी गेली. नवी बॅटरी येते, गाडी आठवडाभर चालते आणि पुन्हा तिथेच अडकते. मग डायनॅमो खोलला जातो, मग सेल्फ, मग रेग्युलेटर. पैसे जात राहतात आणि मूळ दोष, चेसिसवरचा एखादा गंजलेला नट, जागच्या जागी राहतो.

पुण्याला या गाड्या परक्या नाहीत. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथलं, दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय सीएमई, खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप. कोथरूडकरांना तर पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे जाताना उजव्या हाताला वेताळ टेकडी दिसते. तिच्यावर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे, देशभरातली वाहनं तपासणारी संस्था. ज्या टेकडीवर नव्या गाड्या पारखल्या जातात, तिच्या पायथ्याशी जुन्या गाडीचं निदान अंदाजपंचे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

गाड्या मुख्यतः तीन. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून १९९६ पर्यंत बनलेला तीन टनी शक्तिमान. निसानच्या पॅट्रोल गाडीवरून जबलपूरलाच घडलेली जोंगा. आणि ‘वन टन’ म्हणून ओळखला जाणारा निसानचा छोटा ट्रक. यातली शेवटची गाडीही आता पंचविशी ओलांडून गेली आहे. एवढ्या वयात तांब्याची तार सहसा मरत नाही. मरतात ते जोड: थिंबल, टर्मिनल, स्विचचे पॉइंट, अर्थचे नट. वीज हरवते ती तिथे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचा लेख त्याचा पुरावा आहे.

गैरसमज: सगळंच बंद, म्हणजे बॅटरी उतरली

उतरली असेलही. पण ते दोन मिनिटांत मोजून कळतं, नवी विकत घेऊन नाही. लष्करी डिझेल ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. आधी डोळ्यांनी पाहा. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला असेल तर २४. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेल तर दोन बॅटऱ्या असूनही गाडी १२ व्होल्टचीच आहे. हे न पाहता बल्ब किंवा रिले आणणारे नाना पेठेत दोन फेऱ्या मारतात.

मग मीटर लावा, दोन्हींवर मिळून नव्हे, एकेकीवर वेगळा. रात्रभर उभ्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. एक १२.६ आणि दुसरी १०.५ दाखवत असेल तर दुसरीचा एक सेल बसला आहे, कारण एका सेलचे २.१ व्होल्ट असतात आणि नेमके तेवढेच कमी आहेत. बेरीज केली तर २३.१ येते आणि ‘थोडी उतरली आहे, चार्ज करू’ असं वाटतं. चार्ज करून ती सुधारणार नाही.

दोन्ही बॅटऱ्या ठणठणीत आणि तरी गाडीत काहीच नाही? मग पहिला संशय दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या आखूड केबलवर आणि दुसरा मास्टर स्विचवर. सगळा प्रवाह या दोघांतून जातो. मास्टर स्विच वर्षानुवर्षं धूळ आणि ओल खात बसतो, आतले पॉइंट काळे पडतात, आणि दांडा फिरवल्यावर ‘खट’ असा आवाज नेहमीसारखाच येतो. आवाजावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट, जी नागरी गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला सुचत नाही. फौजी गाडीत रात्रीच्या ताफ्यासाठी वेगळी दिव्यांची सोय असते. आपल्या लष्करी ट्रकच्या मागच्या डिफरेन्शियलवर पांढरा रंग आणि त्यावर प्रकाश टाकणारा छोटा दिवा असतो तो याचसाठी. मागच्या चालकाला पुढची गाडी दिसावी, पण दुरून किंवा वरून कोणाला दिसू नये. अनेक लष्करी गाड्यांत दिव्यांचा स्विच ब्लॅकआउटच्या जागेवर गेला, की नेहमीचे दिवे बंद होतात. वायरिंग उसवण्याआधी प्रत्येक स्विच कोणत्या जागी आहे ते पाहा.

गैरसमज: दिवे लागतात, म्हणजे करंट व्यवस्थित येतोय

हा सगळ्यांत महाग पडणारा समज आहे. “अहो, दिवे तर लागतायत की! म्हणजे सेल्फच गेला,” असं म्हणून चांगला सेल्फ उतरवला जातो.

हिशेब करून पाहू. समजा अर्थच्या एका जोडात गंजामुळे ०.०४ ओहम इतका रोध आला आहे. साध्या मीटरच्या ओहमच्या पट्टीवर तो दिसणारसुद्धा नाही. पार्किंगचा १० वॉटचा बल्ब २४ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो. त्या जोडात ०.०१६ व्होल्ट जातात. बल्ब लख्ख लागतो. आता सेल्फ मारा. मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ सुटतानाच्या क्षणी ३०० अँपिअर सहज मागतो. त्याच जोडात आता १२ व्होल्ट, म्हणजे गाडीचा अर्धा दाब, गिळला जाईल. प्रत्यक्षात तेवढा प्रवाह वाहूच शकत नाही. सोलेनॉइड ‘टक्’ करतो आणि सगळं थांबतं. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, दिवे चांगले, गाडी मात्र जागची हलत नाही.

हा दोष पकडायची एकच खात्रीची रीत आहे: प्रवाह वाहत असताना जोडावर किती व्होल्ट पडतात ते मोजणं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेला. डिझेल असेल तर स्टॉप केबल ओढून धरा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या पोस्टवर, तिच्याभोवतीच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि काट्याकडे पाहा. पाव-अर्धा व्होल्ट आला तर अर्थ ठीक आहे. एकाच्या वर गेला तर दोष त्या दोन टोकांच्या मध्ये आहे, दुसरीकडे शोधायची गरज नाही. मग मधलं अंतर तोडत जा: पोस्ट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते चेसिस, चेसिस ते इंजिन. ज्या जागी काटा उडी मारतो तिथे पाना लावा. हीच तपासणी प्लसच्या बाजूने, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, मास्टर स्विचच्या दोन्ही टोकांसह करा.

पोस्ट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये नखाएवढ्या जाडीचाही नसलेला राखी थर असतो. वरून पाहिलं तर टर्मिनल स्वच्छ, व्हॅसलीन लावलेलं. क्लॅम्प काढून आत पाहिलं की कळतं. खाण्याच्या सोड्याचं पाणी, पॉलिश पेपर, घट्ट आवळणं आणि त्यानंतर व्हॅसलीन, हा क्रम आहे. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प हा क्रम चुकीचा आहे.

गैरसमज: नवा रंग दिला, आता गाडी नव्यासारखी

ही गोष्ट खास आपल्याकडची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या गाडीखेरीज कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे लिलावातून आलेली प्रत्येक फौजी गाडी रस्त्यावर येण्याआधी रंगाऱ्याच्या हाताखालून जाते. तो प्रामाणिकपणे काम करतो: चेसिस घासतो, प्रायमर मारतो, दोन हात रंग देतो. आणि जिथे अर्थच्या पट्ट्या बसतात त्या उघड्या धातूच्या जागाही रंगवून टाकतो. मग पट्टी त्या रंगावर ठेवून नट आवळला जातो. आट्यांमधून थोडा संपर्क मिळतो, गाडी सुरू होते, सगळे खूश. पहिला पावसाळा गेला, की आट्यांत गंज धरतो आणि वीज ‘गायब’ होऊ लागते.

रबरी माउंटिंगवर बसलेल्या इंजिनाला चेसिसशी जोडणारी जाड विणलेली पट्टी ही त्यातली सगळ्यांत महत्त्वाची. ती नीट नसेल तर सेल्फचा प्रवाह परत यायला भलताच रस्ता शोधतो: स्टॉप केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारल्यावर अशी एखादी केबल हाताला गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला, तर दुसरं काहीही तपासू नका, आधी ती पट्टी पाहा. तसंच मागच्या दिव्यांचं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा फडफडतो, हे वायरिंगमधलं शॉर्ट नाही. दिव्याच्या खोक्याचा अर्थ रंगाखाली गेलाय आणि प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतोय.

रंगवून आलेल्या गाडीत मी सगळ्यात आधी हेच करायला सांगेन: प्रत्येक अर्थची जागा खरवडून लखलखीत धातू उघडा करा, काटेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. खर्च जवळजवळ शून्य.

गैरसमज: मीटरवर २४ दिसतात, म्हणजे वायर चांगली

डिजिटल मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. सतरा तारांच्या वायरमधल्या सोळा तुटून एक उरली असली, तरी तो २५ व्होल्ट दाखवेल. नळ बंद असताना पाइपात पाण्याचा दाब पूर्ण असतो, तोटी उघडल्यावर करंगळीएवढी धार येते, तसंच. म्हणून मीटरच्या जोडीला २४ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींना लावून ठेवा. तो सुमारे ०.९ अँपिअर ओढतो. संशयित वायरच्या टोकाला तो लावला आणि पिवळा पडला, तर वायर किंवा तिचा थिंबल गेला. जुने टेस्ट लॅम्प वापरणारे मिस्त्री मागासलेले नाहीत, त्यांचा दिवा लोड देतो.

वायर कुठे खराब झाली असेल? चेसिसच्या भोकातून जाते तिथे, जिथलं रबर वाळून गळालं आहे. पुठ्ठ्याच्या किंवा कापडी आवरणात ओल साठते तिथे. आणि सोसायटीत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत, उंदराने घर केलं असेल तिथे.

गैरसमज: दोनपैकी एक बॅटरी गेली, एकच बदलू

एकापाठोपाठ जोडलेल्या बॅटऱ्यांतून तोच प्रवाह जातो. जुनी लवकर भरते आणि लवकर रिकामी होते, नवी अर्धवट राहते. काही महिन्यांत नवीही म्हातारी होते. जोडी एकाच क्षमतेची, शक्यतो एकाच महिन्याची, आणि दोन्ही एकदम.

याच कारणाने एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून स्टिरिओ किंवा मोबाइलचा चार्जर चालवू नये. त्या बॅटरीवर कायम जास्त ओझं पडतं, जोडी बिघडते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो बसवा. बंद ट्रकला शेजाऱ्याच्या कारवरून केबल लावणं तर साफ टाळा. चिमटे जोडीच्या दोन टोकांना लागले तर कारच्या १२ व्होल्टच्या यंत्रणेत २४ व्होल्ट घुसतात, आणि आजच्या कारमध्ये किती संगणक असतात हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज: चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढली आणि गाडी चालत राहिली, तर चार्जिंग ठीक

जुन्या डायनॅमोच्या काळात ही रीत खपून जायची. आज अनेक शक्तिमान आणि जोंगांत डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आहे. चार्ज होत असताना बॅटरी अचानक सुटली, तर अल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळतो. २४ व्होल्टच्या गाडीत तो १०० च्या पुढे जाऊ शकतो. डायोड जळतात, रेग्युलेटर जातो. चार्जिंग पाहायचं तर इंजिनाचा वेग थोडा वाढवा आणि बॅटऱ्यांच्या टोकांवर मोजा: २७.५ ते २८.५ च्या आसपास हवेत. २५ वरच अडकलं तर चार्ज होत नाही. २९.५ च्या वर गेलं तर पाणी उकळून बॅटऱ्या मरतील.

डायनॅमो अजून शाबूत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आयडलिंगला तो पुरेसा दाब तयार करत नाही, आणि लाल दिवा मिणमिणतो. हा दोष नाही. वेग वाढवल्यावर दिवा विझायला हवा. वेग वाढवूनही दिवा विझला नाही, तर पट्टा, कार्बन ब्रश आणि कटआउट या क्रमाने पाहा.

‘डिझेलला वीज लागतच नाही’

अर्धं खरं. यांत्रिक इंजेक्शन पंपाचं जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं, की वीज पूर्ण गेली तरी धावत राहतं. म्हणूनच ते धोकादायक आहे: ताम्हिणी घाटाच्या वळणांवर रात्री हेडलाइट, ब्रेकलाइट, हॉर्न सगळं जाईल आणि ट्रक मात्र त्याच वेगाने पळत असेल. पेट्रोलच्या जोंगाची इग्निशन कॉइल वीज गेली की थंड पडते आणि इंजिन लगेच थांबतं. दोन्ही गाड्यांत ‘वीज गेली’ हेच घडलं, पण चालकाला दिसतं वेगळं.

फ्यूजच्या जागी जाड तार

याबद्दल दोन शब्दांत: करू नका. फ्यूज उडतो तेव्हा तो वायर जळण्यापासून वाचवतो. त्याच्या जागी जाड तार घातली, की कमजोर कडी वायरच होते, आणि ती ताडपत्रीखाली, डिझेलच्या टाकीजवळून गेलेली असते. काही लष्करी गाड्यांत फ्यूजऐवजी तापल्यावर आपोआप उघडणारे आणि निवल्यावर पुन्हा जुळणारे ब्रेकर असतात. दिवे मधूनच जातात आणि थोड्या वेळाने स्वतःहून येतात, याला कोणी भुताटकी समजू नये. कुठेतरी वायर चेसिसला टेकते आहे.

गैरसमज: थंडीने बॅटरी मारली

पुण्याची डिसेंबरची पहाट आठ-दहा अंशांपर्यंत उतरते, ट्रक सुरू होत नाही, आणि दोष थंडीला जातो. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि घट्ट झालेलं तेल इंजिनाला जड करतं, हे खरं. पण आठ अंशांची थंडी धडधाकट बॅटरीला आडवी पाडत नाही. ती आधीच अधू झालेली असते, एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत. उष्णतेने आतली झीज वाढते, पाणी उडतं, आणि न चालवलेल्या गाडीत बॅटरी आपोआप रिकामी होण्याचा वेगही वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की तो साधारण दुप्पट होतो. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत महिने काढले, की प्लेटवर गंधकाचे क्षार कडक बसतात, आणि मग चार्ज करूनही पूर्वीची ताकद येत नाही. इलाज उन्हाळ्यातच करायचा: गाडी उभी ठेवताना मास्टर स्विच बंद, महिन्यातून एकदा चार्ज, डिस्टिल्ड वॉटरची पातळी प्लेटच्या वर.

काम सुरू करण्याआधी अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. अर्थ मायनस असलेल्या गाडीत मायनस आधी काढा आणि शेवटी लावा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत अर्थ प्लसला असतो, तिथे उलट. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्याजवळ काडी किंवा ठिणगी नको.

आता एक विनंती. या गाड्यांची खरी जाण असलेली माणसं आपल्याच शहरात आहेत: लष्कराच्या ईएमई कोरमधून निवृत्त झालेले हवालदार, सुभेदार, ज्यांनी अंधारात, पावसात, हाताला जाणवणाऱ्या खुणांवर ही वायरिंग दुरुस्त केली. कोणी तुमच्या सोसायटीत राहत असतील. त्यांना गाडीपाशी न्या, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते त्यांच्याकडून समजून घ्या आणि मोठ्या कागदावर नकाशा काढून ठेवा. आणि ज्या घरात शक्तिमान, जोंगा किंवा वन टनची जुनी दुरुस्ती-पुस्तिका ट्रंकेत पडून असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. तिच्या प्रती काढून अशा गाड्या सांभाळणाऱ्यांना द्याव्यात.